बर्लिनचे ‘लोखंडी’ सभासद

गळीत हंगाम संपला की गट ऑफिसच्या ओट्यावर गप्पांना ऊत येतो. टोळ्या गावाकडे परतलेल्या असतात, खोडव्याला पाणी दिलेलं असतं आणि पुढच्या हप्त्याची वाट पाहणं एवढंच काम हाताशी असतं. अशाच एका संध्याकाळी आमच्या कानांवर बापलेकाचा एक वाद पडला. मुलगा कोल्हापुरात कॉलेजला. मोबाइलवर जर्मनीतला फुटबॉलचा सामना बघत बसलेला. वडील म्हणाले, “आरं, त्या परक्या मुलखातल्या चेंडूत तुझं काय अडकलंय?” पोरगं म्हणालं, “आबा, हा संघ कुणा शेठचा न्हाई. सभासदांचा हाय. मैदानबी सभासदांनी स्वतःच्या हातानं बांधलंय.”

आबा गप्प झाले. आम्ही मात्र कान टवकारले. ‘सभासद’ हा शब्द ऐकला की आमच्यासारख्या सहकारात वाढलेल्या माणसाला राहवत नाही. मग आम्ही त्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, पुढे थोडं वाचलं, माहिती जमवली. ती आता आपल्यापुढे ठेवत आहोत. ऊसदराच्या आणि उताऱ्याच्या आकड्यांमध्ये हा विषय कुठून आला, असं कुणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचावं, एवढीच विनंती.

आपल्या भागाला फुटबॉल काही नवा नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे आणि तालमींचे सामने होतात, तेव्हा पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा ही नावं घेऊन माणसं घसा बसेपर्यंत ओरडतात. संघ पेठेचा, म्हणून तो आपला. जर्मनीच्या राजधानीतल्या ज्या क्लबाची ही हकीकत आहे, तोसुद्धा असाच एका वस्तीच्या मातीतून उगवलेला. त्याचं नाव युनियन बर्लिन.

फिटर-लोहारांची पोरं

बर्लिनच्या पूर्व टोकाला क्योपेनिक नावाचा भाग आहे. जवळच ओबरशोनेवायडे ही कारखान्यांची वस्ती. याच वस्तीत १९०६ साली फुटबॉलचा एक क्लब निघाला. खेळणारी पोरं फिटरकाम, लोहारकाम करणाऱ्या घरांतली. त्यावरून ‘लोखंडी’ हे टोपणनाव पडलं, ते आजतागायत चालत आलं आहे. रानाच्या कडेला, जुन्या वनरक्षकाच्या घराजवळ, या क्लबाचं मैदान १९२० साली सुरू झालं. त्याचं नावही तेच: ‘आल्टे फ्योर्स्टेराय’, म्हणजे जुनी वनचौकी.

दुसऱ्या महायुद्धानंतर देशाची फाळणी झाली आणि हा भाग पूर्व जर्मनीत गेला. सध्याचा ‘युनियन’ क्लब २० जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाला. १९६८ साली त्यांनी पूर्व जर्मनीचा चषक जिंकला. पण त्याच शहरात डायनामो नावाचा दुसरा क्लब होता, आणि त्याच्या पाठीवर गुप्त पोलीस खात्याच्या मंत्र्यांचा हात होता. डायनामोने १९७९ ते १९८८ अशी ओळीने दहा वर्षं अजिंक्यपदं घेतली. युनियन मात्र कधी वरच्या श्रेणीत, कधी खालच्या श्रेणीत, अशी हेलपाटत राहिली. तरीही साध्या माणसांनी तिची साथ सोडली नाही. सत्तेच्या जवळचा संघ एकीकडे, आपला संघ दुसरीकडे, असा तो हिशेब होता.

१९८९ साली बर्लिनची भिंत पडली. २७ जानेवारी १९९० रोजी पूर्वेच्या युनियनचा आणि पश्चिमेच्या हेर्टा क्लबाचा मैत्रीचा सामना झाला, तेव्हा पन्नास हजारांवर लोक जमले. आता दिवस पालटतील, असं सगळ्यांना वाटलं. पण पालटले ते वेगळ्याच दिशेनं.

रक्त देऊन भागवलेली गरज

इथं आपल्या ओळखीचा भाग सुरू होतो. नव्या व्यवस्थेत पैशाशिवाय पान हलेना. १९९३ साली युनियनने मैदानावर दुसऱ्या श्रेणीत जाण्याचा हक्क मिळवला, पण परवाना नाकारला गेला. कारण काय, तर क्लबातर्फे सादर झालेली बँकेची हमी बनावट निघाली. पुढच्या वर्षी कर्जापायी पुन्हा परवाना हुकला. खेळाडूंनी मैदानावर कमावलेलं कारभाऱ्यांनी कागदावर घालवलं. संस्था कोणतीही असो, साखरेची, सुताची की चेंडूची, दप्तर स्वच्छ नसेल तर सभासदांच्या घामाचं पाणी होतं, हा धडा तिथंही तोच.

मधे एक चांगला काळ आला. २००१ साली तिसऱ्या श्रेणीत असताना हा संघ थेट जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. शाल्के संघाकडून ०–२ असा हरला, पण नाव झालं. मग पुन्हा घसरण. २००४ साली संघ तिसऱ्या श्रेणीत उतरला, आणि तिथं खेळण्याचा परवाना हवा असेल तर १४ लाख ६० हजार युरोची गंगाजळी दाखवा, अशी अट आली. तिजोरीत खडखडाट होता.

मग लोकांनी काय करावं? बर्लिनमध्ये रक्तदात्याला थोडा मोबदला मिळतो. युनियनच्या लोकांनी रक्त दिलं आणि तो मोबदला क्लबाला दिला. ‘युनियनसाठी रक्त’ असं या मोहिमेचं नावच होतं. सगळी रक्कम काही नुसत्या रक्तातून उभी राहिली नाही. देणग्या आल्या, वस्तू विकल्या गेल्या, सामने भरवले गेले. पण रक्तदानाच्या रांगेत उभं राहिल्यावर माणसाला कळतं की ही संस्था आपली आहे. परवाना मिळाला, क्लब वाचला. मैदानावरचं दुखणं मात्र लगेच बरं झालं नाही. २००५ साली संघ चौथ्या श्रेणीपर्यंत खाली गेला. तिथून पुढं वर चढायला सुरुवात झाली.

याच २००४ साली डिर्क त्सिंगलर हे क्लबाचे अध्यक्ष झाले. स्वतः उद्योजक, पण त्याआधी या मैदानावर उभं राहून सामने बघणारे. पेढीवर बसणारा माणूस रांगेतून आलेला असला की रांगेतल्या माणसाची अडचण त्याला सांगावी लागत नाही.

एक लाख चाळीस हजार तास

आता मूळ मुद्द्यावर येतो. मैदान जुनं झालं होतं. प्रेक्षकांच्या पायऱ्या ढासळत होत्या, त्यांवर गवत उगवलं होतं, बसायच्या जागा मोजक्या, छप्पर जवळजवळ नाहीच. सुधारणा केली नाही तर वरच्या श्रेणीचे सामने इथं खेळू देणार नाहीत, हे स्पष्ट झालं. सरकारदरबारी बोलणी होण्यात वर्षं गेली. कंत्राटदाराला सगळं काम द्यावं, एवढा पैसा नव्हता.

आणि मग सभासद म्हणाले, आम्ही बांधतो.

२००८ च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. कुणी कामावरून रजा काढून आला, कुणी पाळी संपवून आला, कुणी निवृत्त होता, कुणाला नोकरी नव्हती. गवंडी होते, वीजतंत्री होते, आणि ज्यांनी जन्मात फावडं धरलं नव्हतं असेही होते. जुन्या पायऱ्या फोडल्या, राडारोडा वाहिला, काँक्रीट ओतलं, कठडे बसवले. अवघड कामं जाणकारांनी केली, बाकीच्यांनी पडेल ते केलं. दोन हजारांहून अधिक माणसांनी मिळून सुमारे १,४०,००० तास श्रमदान केलं. आठ तासांची पाळी धरली, तर साडेसतरा हजार पाळ्या होतात. सभासद बंधूंनो, आपल्या कारखान्याच्या रस्त्याला आणि शाळेच्या इमारतीला आपल्या वाडवडिलांनी दिलेले दिवस आठवा, म्हणजे या आकड्याचं वजन कळेल.

वर्षभर संघ दुसऱ्याच्या मैदानावर खेळला, आणि त्याच हंगामात तिसऱ्या श्रेणीचं अजिंक्यपद घेऊन वर चढला. ८ जुलै २००९ रोजी नवं मैदान उघडलं. मैदानाजवळ एक स्मारक आहे. कामगार डोक्यावर घालतो तसल्या लाल शिरस्त्राणाच्या आकाराचं, आणि त्यावर श्रमदान करणाऱ्यांची नावं. कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव असतं, इथं राबणाऱ्यांची नावं आहेत.

मैदान फार मोठं नाही. सुमारे २२ हजार माणसं मावतात. त्यांतल्या खुर्च्या चार हजारांच्याही आत. बाकी सगळे उभे राहून सामना बघतात. पण मैदान बांधून घेणं एक आणि ते आपलं राखणं दुसरं. त्याचा बंदोबस्त त्यांनी कसा केला, ते बघू.

मैदानाचे भाग विकले, पण कुणाला?

२०११ च्या अखेरीस क्लबाने मैदानाच्या कंपनीचे भाग विक्रीला काढले. एक भाग ५०० युरोचा. अट अशी की भाग घेणारा क्लबाचा माणूस असावा, आणि क्लबाच्या संमतीशिवाय तो परस्पर दुसऱ्याच्या नावावर करता येऊ नये. जाहिरातीचा मथळा मोठा मार्मिक होता. आम्ही आमचा आत्मा विकतोय, पण कुणालाही नाही, अशा अर्थाचा. चार हजारांहून अधिक लोकांनी ५,४७३ भाग घेतले आणि सुमारे २७ लाख युरो उभे राहिले. या भागातून लाभांशाची आशा कुणी धरली नव्हती. भागपत्र चौकटीत बसवून घरात लावायचं, आणि मैदानाचा एक दगड आपला आहे, असं पोरांना सांगायचं, एवढीच कमाई.

जर्मनीत फुटबॉलला एक नियमही आहे, तो आपण ध्यानात घेण्याजोगा आहे. १९९८ साली क्लबांना आपल्या व्यावसायिक संघाची वेगळी कंपनी काढायला परवानगी मिळाली, तेव्हा अशी अट घातली गेली की मतांपैकी निम्मी आणि वर एक एवढी मतं सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिली पाहिजेत. काही अपवाद आहेत, आणि पळवाटा शोधणारेही आहेत. पण सर्वसाधारणपणे कितीही पैसेवाला आला, तरी त्याला आख्खा क्लब खिशात घालता येत नाही. इंग्लंडमध्ये परदेशी धनिक क्लब विकत घेतात. जर्मनीत सभेत हात वर करणारा साधा सभासद अजून मोजला जातो.

दिवंगत सभासदही हजर

आता यशाची गोष्ट. २०१९ च्या मे महिन्यात युनियनला पहिल्या श्रेणीत जाण्यासाठी श्टुटगार्टशी दोन सामने खेळायचे होते. त्यांच्या मैदानावर २–२ अशी बरोबरी झाली, घरच्या मैदानावर ०–०. परक्या मैदानावरच्या गोलांना जास्त मोल देणारा नियम तेव्हा होता, त्या हिशेबानं युनियन वर गेली. एकत्र झालेल्या जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत हा क्लब इतिहासात प्रथमच पोहोचला.

१८ ऑगस्ट २०१९ रोजी पहिल्या श्रेणीतला पहिला सामना झाला, लाइपझिगविरुद्ध. त्या दिवशी मैदानावर जे घडलं, ते वाचताना आमचेही डोळे पाणावले. हा दिवस पाहण्याची ज्यांची आयुष्यभराची इच्छा होती आणि जे तोवर राहिले नाहीत, त्यांची मोठी छायाचित्रं घेऊन घरची माणसं मैदानात आली. कुणी बापाचं, कुणी आजोबांचं, कुणी मित्राचं. साडेचारशेहून अधिक छायाचित्रं होती. सामना सुरू होण्याआधी ती सगळी वर धरली गेली. संघ त्या दिवशी ०–४ असा हरला. पण गोल मोजायला त्या दिवशी कुणी आलं नव्हतं.

आपल्या कारखान्याच्या पहिल्या भागधारकांपैकी आता किती जण आहेत? ज्यांनी धुराडं उभं राहण्याआधी, नुसत्या माळरानाकडे बघून भागाची रक्कम भरली, त्यांच्यातले बरेच जण आपल्यात नाहीत. बॉयलर पेटतो तेव्हा त्यांची आठवण आपण कशी ठेवतो, हा प्रश्न आम्हाला त्या छायाचित्रांनी विचारला.

पुढची चढण कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पहिल्या वर्षी ११ वा क्रमांक, मग ७ वा, मग ५ वा. २०२२-२३ च्या हंगामात काही आठवडे हा संघ सगळ्यांच्या वर पहिल्या स्थानी होता. अखेरच्या दिवशी ब्रेमेनला १–० ने हरवून त्यांनी चौथा क्रमांक पक्का केला आणि युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, चॅम्पियन्स लीगमध्ये, प्रवेश मिळवला. त्यांचे प्रशिक्षक होते उर्स फिशर, स्वित्झर्लंडचे. गाजावाजा न करणारे आणि एकेक सामन्याचं बघणारे. अठरा वर्षांपूर्वी चौथ्या श्रेणीत घसरलेला संघ आता रिअल माद्रिदसमोर उभा राहणार होता.

पडत्या काळाची परीक्षा

पण सभासद बंधूंनो, सगळं गोडच सांगितलं तर ती जाहिरात होईल. चांगल्या उताऱ्याच्या वर्षात सगळेच संस्थेचे असतात. परीक्षा होते ती दुष्काळात.

२० सप्टेंबर २०२३ रोजी माद्रिदच्या मैदानावर युनियनने नव्वद मिनिटं झुंज दिली आणि जादा वेळेत एक गोल खाऊन ०–१ अशी हरली. चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने त्यांनी शहरातल्या मोठ्या ऑलिंपिक मैदानावर घेतले, जास्तीत जास्त सभासदांना बघता यावं म्हणून. आपल्या हातानं बांधलेलं मैदान सोडून परक्या मैदानावर का जायचं, हा सवाल मनात असलेलेही पुष्कळ होते. यशाबरोबर अशी कोडी येतातच. संस्था वाढते, सभासद वाढतात, जागा पुरत नाही, आणि जुन्यांना वाटतं की आपलं काहीतरी हातचं निसटतंय. घरच्या पहिल्या सामन्यात पोर्तुगालच्या ब्रागाविरुद्ध दोन गोलांची आघाडी होती. तो सामनाही शेवटच्या क्षणी २–३ असा गेला.

त्या शरद ऋतूत संघ ओळीनं बारा सामने हरला. बारा! आपल्याकडे दोन हप्ते लांबले तर काय बोललं जातं, ते आठवून पाहा. या क्लबाची एक रीत आहे. आपल्या खेळाडूवर शिट्ट्या मारायच्या नाहीत, आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत मैदान सोडायचं नाही. हरल्यावरही लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. नोव्हेंबरात फिशर यांनी क्लबाचा निरोप घेतला. त्याच महिन्यात मारी-लुईझ एटा या सहायक प्रशिक्षक झाल्या. जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत या जागेवर आलेल्या त्या पहिल्या महिला. १८ मे २०२४ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, फ्रायबुर्गविरुद्ध जादा वेळेत पेनल्टी अडवली गेली, चेंडू परत आला आणि तो यानिक हाबरर यांनी जाळ्यात मारला. २–१. पंधरावा क्रमांक राखून संघ पहिल्या श्रेणीत टिकला. चौथ्या क्रमांकाच्या वेळी झाला नव्हता इतका आनंद त्या दिवशी झाला असेल, असं आम्हाला वाटतं.

हांबुर्गची सहकारी संस्था

कुणी चाणाक्ष सभासद म्हणेल, युनियनची मैदान कंपनी ही भागांची कंपनी, सहकारी संस्था नव्हे. बरोबर आहे. भागांच्या कंपनीत जितके भाग तितकी मतं. म्हणून दुसरी एक हकीकत सांगतो.

हांबुर्ग हे जर्मनीचं मोठं बंदर. तिथल्या सांक्ट पाउली या गोदीलगतच्या वस्तीचा त्याच नावाचा क्लब १९१० सालचा. हा संघही २०२४ साली दुसऱ्या श्रेणीचं अजिंक्यपद घेऊन पहिल्या श्रेणीत आला. त्याच वर्षी त्यांनी चक्क सहकारी संस्था नोंदवली. एका भागाची किंमत ८५० युरो. हेतू असा की मैदानाची बहुसंख्य मालकी या संस्थेनं घ्यावी आणि क्लबाच्या डोक्यावरचा भार हलका व्हावा. काही महिन्यांतच २१ हजारांहून अधिक लोक सभासद झाले आणि सुमारे २ कोटी ९० लाख युरो जमले. आणि मतदान? एक सभासद, एक मत. कुणी एक भाग घेवो, कुणी पन्नास, हात एकच वर होणार. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण त्यांच्या भाषेत असो वा नसो, काम त्यांनी तेच केलं.

हे आपल्याला परकं वाटू नये, कारण सहकाराचं बी आपल्याकडे आलं त्यात जर्मनीचा वाटा आहे. रायफायझेन या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात सावकारीनं पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी तिथं पतसंस्था काढल्या. फ्रेडरिक निकल्सन यांनी त्या पद्धतीचा अभ्यास करून मद्रास सरकारला अहवाल दिला, आणि १९०४ साली आपल्याकडे पतसंस्थांचा कायदा झाला. त्याच वाटेनं पुढं विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या खटपटीतून १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा राहिला. ‘सहकारी संस्था काढून हित साधण्याची कल्पना आणि रीत’ ही २०१६ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जर्मनीच्या नावानं नोंदली गेली. वारसा कागदावर त्यांच्या नावानं असेल; तो राखण्याचं काम आपलंही आहे.

आपण काय घ्यायचं?

त्या ओट्यावरच्या आबांना आम्ही ही सगळी हकीकत सांगितली. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, “म्हंजे हरलं तरी जात न्हाईत म्हणा की. आणि आपण दहा रुपये जादा म्हटलं की ऊस दुसरीकडं धाडतो.”

आबांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. शिट्टी मारायची नाही, याचा अर्थ प्रश्न विचारायचा नाही, असा होत नाही. १९९३ ची बनावट हमी सभासदांच्या डोळ्यांआड झाली म्हणून क्लब गाळात गेला. साथ द्यायची, ती डोळे उघडे ठेवून. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचून यायचं, ताळेबंदावर बोट ठेवून विचारायचं, उत्तर मिळेपर्यंत बसायचं. आणि सभा संपली की नोंदलेला ऊस आपल्याच गव्हाणीत घालायचा. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. एकीशिवाय दुसरीला अर्थ नाही. संचालक मंडळानंही प्रश्न विचारणाऱ्याला विरोधक समजू नये. जो विचारतो, तो अजून संस्थेला आपली मानतो. ज्यानं विचारणं सोडलं, तो मनानं केव्हाच निघून गेलेला असतो.

परवा आबांचा मुलगा पुन्हा भेटला. म्हणाला, “यंदा सभेला आबांबरोबर मीबी येणार हाय. भाग त्यांच्या नावावर हाय, मला मत न्हाई. पण मागं बसून ऐकतो.”

या बाळा, जरूर ये. मागं बसणाऱ्यांतूनच उद्याचा सभासद तयार होतो.